घाई नाही, सावकाश वाचा

२१ नोव्हेंबर

ताई,

“तू लिहिलेलं कुणालाही पटतं, म्हणून तू जपून लिहीत जा,” असं तू मला एकदा म्हणाली होतीस. मी सातवीत होते, तू दहावीत. तुझी भूगोलाची चाचणी चुकवायला मी बाबांच्या नावाने रजेची चिठ्ठी लिहून दिली, आणि ती इतकी काळजीची उतरली की संध्याकाळी तुझ्या वर्गशिक्षिका पिशवीभर फळं घेऊन तुला बघायला घरी आल्या. तू फाटकाशी दोरीच्या उड्या मारत होतीस. पुढे बाबांनी जे दिलं ते आपण दोघींनी निम्मं निम्मं वाटून घेतलं, आणि कान चोळत चोळत तू ते वाक्य बोललीस. मला ते कौतुक वाटलं होतं. परवापर्यंत वाटत होतं.

परवा फोनवर तू दोनच वाक्यं बोललीस. “ते तूच लिहिलंस ना?” आणि मी हो म्हटल्यावर, “मग आता मला काही लिहू नकोस.” फोनसुद्धा तू हळूच ठेवलास, समोरच्याच्या कानाला लागू नये असा. आपटला असतास तर बरं वाटलं असतं.

तरी लिहिते आहे. पेपरात आलंय ते बहुतेक सगळं खरं आहे. आमच्या कंपनीच्या त्या सीडीत बारा गाणी होती आणि गाण्यांच्या आडून एक प्रोग्रॅम होता. सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली की तो आत उतरायचा, स्वतःचं नाव लपवायचा आणि तिथेच मुक्काम ठोकायचा. लोकांनी गाण्यांच्या प्रती काढून वाटू नयेत म्हणून ही तजवीज. पहिली प्रत बरी निघायची. पुढच्या प्रतींत तो आवाजाला बारीक बारीक भोकं पाडायचा, दर प्रतीत थोडी जास्त. शिवाय त्या कॉम्प्युटरवर काय वाजतं, किती वेळा वाजतं, याची खबर गुपचूप आमच्याकडे यायची. एका तज्ज्ञाला स्वतःच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये हा न बोलावलेला पाहुणा सापडला आणि त्याने ते जगजाहीर केलं.

पेपरात आलेलं नाही ते असं, की त्या प्रोग्रॅमला गाणं आणि माणसाचं बोलणं यातला फरक कळत नव्हता. सीडीवर जो आवाज उतरेल तो त्याच्या लेखी चोरीचा. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसली गत. गाणी चोरणारे मजेत आहेत. आणि तो जाऊन बसला कुठे, तर तुझ्या पुढच्या खोलीत, जिथे पक्षाघाताच्या झटक्याने वाचा गेलेली माणसं तुझ्यासमोर बसून एकेक शब्द परत मिळवतात आणि जाताना आपल्या आवाजाची सीडी घरी सरावाला घेऊन जातात.

हे असं होईल याची मला कल्पना नव्हती. मी फक्त शर्ती लिहिते, सीडी घातल्यावर पडद्यावर येतात त्या. प्रोग्रॅम लिहिणारे तिसऱ्या मजल्यावर बसतात, आम्ही दुसऱ्या. मलाही तुझ्यासारखंच पेपरातून कळलं.

आणि ती सीडी वाढदिवसाला मीच पाठवली, हेही खरं. पण तू ती स्वयंपाकघरातल्या प्लेअरवर लावशील असं मी धरून चालले होते. तो प्लेअर मे महिन्यातच बंद पडला होता, हे तू मला कधी सांगितलंस?

माझ्या ओळखीचा एकजण कॉम्प्युटर साफ करून देतो. तुझ्याकडे पाठवू का? एक शब्द कळव.

तुझी धाकटी

३ डिसेंबर

ताई,

भावोजींचा फोन आला होता. म्हणाले, “मेव्हणीबाई, तुमचं पत्र फ्रिजवर आहे. फोडलेलं आहे, फाडलेलं नाही. या घरात याला प्रगती म्हणतात.” मी हसले. तर म्हणाले, “हसू नका. तुमच्या बहिणीने एका ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आहे.”

“कुठल्या?”

“‘मलाही तुझ्यासारखंच पेपरातून कळलं.’ शेजारी काही लिहिलेलं नाही. नुसती रेघ. मी विचारलं, ही कशाला? तर म्हणाली, तिची तिला कळेल.”

कळली. माझ्या वह्यांतही तू अशीच रेघ मारायचीस. चूक कुठली ते सांगायचं नाही, नुसतं बसवून ठेवायचं. मी रडकुंडीला येऊन चार बरोबर शब्द खोडायचे आणि मग एकदाचा चुकीचा सापडायचा. या वेळी चार बरोबर शब्द खोडत बसत नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी तू फोन केला होतास. मी कपडे वाळत घालत होते, फोन खांद्याने धरला होता. तू हेडमास्तरांबद्दल सांगत होतीस. नाव तू कधीच सांगितलं नाहीस, तुझ्याकडे येणाऱ्यांची नावं तू भावोजींनाही सांगत नाहीस. मला ते फक्त गुरुवारचे हेडमास्तर म्हणून माहीत. मार्चमध्ये झटका आला, उजवा हात गेला, वाक्याच्या मधले शब्द गेले. पहिला आणि शेवटचा शब्द यायचा, मधे खड्डा. सहा महिन्यांत तू तो खड्डा हळूहळू बुजवत आणला होतास.

आणि आता ते येतात, खुर्चीत बसतात आणि तोंडच उघडत नाहीत, असं तू सांगत होतीस. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, घरी कानाला हेडफोन लावून तुझ्या सीड्या ऐकतात, तारखेप्रमाणे एकामागून एक. तक्रार नाही, काही नाही. बाकीच्यांच्या घरचे येऊन सांगत होते की सीडी मधेच तुटते, आणि तू त्यांना दुसरी काढून देत होतीस, ती पहिलीपेक्षा वाईट निघत होती. तू कोऱ्या सीड्यांचा डबा बदललास, मग माइक बदललास, त्याच्यावर चढवलेला भावोजींचा मोजासुद्धा धुतलास. पण हेडमास्तर काही बोलले नाहीत, कारण त्यांना ती सीडीची तक्रार वाटलीच नाही. त्यांना वाटलं, आपण असेच बोलतो. त्यांनी डाव्या हाताने कागदावर लिहून दाखवलं: ‘शब्द कमी होतात.’

“अगं, ते त्या दिवशी अख्खं वाक्य बोलले होते,” तू म्हणालीस. “‘मला ती खिडकी उघडून हवी आहे.’ मी उठून उघडलीसुद्धा. आणि सीडीवर काय, तर ‘मला… उघ… हवी.’ आता मला सांग, मला आठवतंय ते खरं, की मला तसं आठवायला आवडतंय?”

तुला तपासून बघायची सोय नव्हती. तुझा नियम मला ठाऊक आहे: रोग्याचा आवाज रोग्याच्या हवाली, आपल्याकडे काही ठेवायचं नाही. तास संपला की सीडी काढायची, आणि कॉम्प्युटरमधलं मूळ रेकॉर्डिंग पुसायचं बटण रोग्याने स्वतः दाबायचं. हेडमास्तर डाव्या हाताच्या बोटाने दाबतात. त्यांचं ते नीट बोललेलं वाक्य जगात उरलेलंच नव्हतं. त्यांनीच पुसलं होतं, तुझ्यावर विश्वास ठेवून.

“दर आठवड्याला थोडं थोडं जास्त तुटतं,” तू म्हणालीस, आणि ताई, मला त्याच क्षणी कळलं.

तिसऱ्या मजल्यावरची एक मीटिंग मला आठवली. प्रोग्रॅमरने एकच गाणं सात वेळा प्रत काढून ऐकवलं होतं. सातव्या प्रतीत गाणारी बाई उचकी लागल्यासारखी गात होती. सगळे हसले. तो म्हणाला, “चोराला पकडत बसायचं नाही. त्याला कंटाळा आणायचा. त्याला वाटलं पाहिजे, आपल्याच मशीनचा काहीतरी बिघाड आहे.” मी पण हसले. खोटं कशाला सांगू, बिस्कीट हातात होतं आणि मी चांगली हसले.

आणि वाळत घातलेल्या चादरीमागे उभी राहून मी तुला काय म्हटलं? “मशीन जुनं झालं असेल गं. नवीन घे एकदाचं.” मग भावोजींच्या गुडघ्याची चौकशी केली.

त्यानंतर पाच आठवडे मी मूग गिळून बसले. पाच गुरुवार हेडमास्तर तुझ्यासमोर ओठ मिटून बसले. कारण विचारशील तर, कंपनीच्या गुप्ततेच्या कागदावर माझी सही आहे. पण ‘तो कॉम्प्युटर वापरू नकोस’ एवढं सख्ख्या बहिणीला सांगायला कुठला कागद आड येत होता? मी सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, “तुला आधीपासून माहीत होतं?” तो प्रश्न मला नको होता, बाकी काही नाही.

आता रेघ पुसलीस तरी चालेल. नाही पुसलीस तरी.

धाकटी

१५ डिसेंबर

ताई,

तुझं पोस्टकार्ड आलं. इतक्या वर्षांत तुझं एवढं छोटं पत्र मी पाहिलं नव्हतं.

“असलं काही लोक वाचत नाहीत म्हणतात. मी चष्मा लावून सगळं वाचलं. ‘घाई नाही, सावकाश वाचा’ दिसलं, तुझं आहे हे ओळखलं, म्हणून ‘मान्य’ दाबलं.”

मी ते कार्ड ऑफिसात नेलं आणि परत आणलं. टेबलावर ठेवायला जागा सापडली नाही.

तुला एक सांगायचं आहे. आमच्याकडे येणाऱ्या खबरींत एक आकडा असायचा, शर्तींचं पान कुठल्या कॉम्प्युटरवर किती वेळ उघडं होतं त्याचा. सरासरी चार सेकंद. वकीलसाहेब, म्हणजे मूळ अकरा पानं लिहिणारे आमचे कायद्याचे साहेब, मला म्हणायचे, “बाई, यात मी माझ्या सासूबाईंची निंदा घातली तरी कुणाला पत्ता लागणार नाही.” ऑगस्टच्या शेवटी, तुझ्या वाढदिवसाच्या सुमारास, एका कॉम्प्युटरवर ते पान एकोणीस मिनिटं उघडं होतं. आमच्या खोलीत त्यावर खूप खिदळाखिदळ झाली. कुणी म्हणालं, माणूस वाचता वाचता झोपला असणार. कुणी म्हणालं, गेलाच असेल बिचारा, घरच्यांना कळवा. मी म्हटलं, “माझा एकुलता एक वाचक आहे, त्याला नावं ठेवू नका.”

एकोणीस मिनिटं. चष्मा शोधण्यात दोन गेली असतील. तुझ्या घरात, तुझ्या खुर्चीत बसून तू काय करत होतीस ते इकडे दुसऱ्या मजल्यावर आम्ही बघत होतो, आणि ती तू आहेस हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी बघितलंच असतं, असं आता वाटतं.

‘घाई नाही, सावकाश’ हे तुझं वाक्य आहे. तू तुझ्या माणसांना म्हणतेस तेच. मी विचारल्याशिवाय उचललं. वकीलसाहेबांना फार आवडलं होतं. “तुम्ही लिहिलं की काढ्याचं सरबत होतं,” म्हणाले.

आता जे लिहिते आहे ते मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही.

प्रोग्रॅमरने मला एक यादी दिली होती, प्रोग्रॅम काय काय करतो त्याची. त्यावरून मी अकरा पानांची चार पानं केली. दुसऱ्या पानावर तीन वाक्यं लिहिली होती: ‘हा प्रोग्रॅम सीडी काढल्यावरही तुमच्या कॉम्प्युटरवर राहील. तो तुम्हाला दिसणार नाही. तो काढून टाकण्याची सोय सध्या नाही.’ तू वाचलंस त्यात ही वाक्यं नव्हती. तू वाचलंस ते असं: ‘ही सीडी नीट वाजावी म्हणून एक छोटा प्रोग्रॅम तुमच्या कॉम्प्युटरवर येईल.’ पूर्णविराम.

ऑफिसात सगळे धरून चाललेत की वाक्यं वरून कापली गेली. वकीलसाहेबांना वाटतं प्रोग्रॅमरने सांगितली नसतील. प्रोग्रॅमरला वाटतं वकीलसाहेबांनी काढली. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवताहेत आणि माझ्याकडे कुणी बघत नाही. मी आपली चार पानं सोपी करून देणारी बाई.

ताई, वरून कुणी काही सांगितलं नव्हतं. वकीलसाहेबांसमोर मसुदा गेला तेव्हा ती वाक्यं त्यात नव्हतीच. आदल्या दिवशी दुपारी चहा पिऊन आल्यावर मी ते पान मोठ्याने वाचून पाहिलं, तू शिकवलंस तसं. या तीन वाक्यांपाशी जीभ थांबत होती. कुणीही वाचलं असतं तर तिथे अडखळलं असतं, मान वर केली असती, आणि कदाचित सीडी काढून घेतली असती. म्हणून मी ती काढली. कंपनीच्या फायद्याचा विचारसुद्धा डोक्यात नव्हता. पान छान वाहतं झालं, एवढंच वाटलं. मी ते पुन्हा वाचलं आणि खूश होऊन खिडकीतल्या रोपाला पाणी घातलं.

तुझ्याकडची माणसं एकेका शब्दाला अडखळतात आणि तू तिथे थांबतेस, पुढचा शब्द त्यांच्या तोंडात घालत नाहीस. भावोजी एकदा गमतीने म्हणाले होते ना, “तुमची बहीण लग्नाला हो म्हणायला जेवढा वेळ मला घेऊ देत नव्हती, तेवढा या लोकांना ‘चहा’ म्हणायला देते.” मी तुझीच बहीण, आणि माझा सगळा धंदा माणसाला अडखळू न देण्याचा.

धाकटी

२९ डिसेंबर

ताई,

हे पत्र छोटं आहे आणि कामाचं आहे.

या सगळ्या प्रकरणाच्या चौकशीला एक समिती नेमली आहे. मी आपणहून कळवलं की मला सांगायचं आहे. त्यांच्या कचेरीतून एका बाईंचा फोन आला, बोलायला सरळ वाटल्या. त्या म्हणाल्या, कंपनीचं म्हणणं असं की प्रोग्रॅम फक्त त्या बारा गाण्यांनाच हात लावतो, लोकांच्या खाजगी आवाजाला कुठेही धक्का लागलेला नाही. “तुमच्याकडे असं एखादं उदाहरण आहे का, ऐकवता येईल असं?”

मी म्हटलं, आहे.

हेडमास्तरांकडे ऑगस्टपासूनच्या सगळ्या सीड्या तारखेप्रमाणे लावलेल्या आहेत, असं तूच म्हणाली होतीस. एक सप्टेंबरची, एक ऑक्टोबरची, अशा दोन मिळाल्या तरी पुरे. ऐकणाऱ्याला दोन मिनिटांत कळेल. नाव कुठेही येणार नाही, सीडीवरचं पुसून देतील. खोली बंद असेल, ऐकणारे पाचजण. यातून कितीतरी घरांतले कॉम्प्युटर मोकळे होतील, आणि हेडमास्तरांसारखे आणखी कितीजण असतील ते आपल्याला माहीतही नाही.

त्यांना तू विचारशील का? मी त्या बाईंना सांगून बसले आहे की मिळतील.

धाकटी

१२ जानेवारी

ताई,

“त्या त्यांच्या आहेत. मी विचारणारही नाही. नाव पुसून काय होणार, आवाज त्यांचाच.”

कार्ड वाचून आधी मी चिडले. खरं सांगते, चांगली दोन दिवस चिडले होते. मनात म्हटलं, हिला तत्त्वं प्यारी, माणसं मेली तरी चालतील. भावोजींना फोन लावून तसं बोललेसुद्धा. ते म्हणाले, “मेव्हणीबाई, तुम्ही लोकांच्या घरातला आवाज त्यांना न विचारता नेलात, म्हणून चौकशी लागली ना? मग ती चौकशी जिंकायला आणखी एकाचा आवाज न्यायचा, हे मला जरा समजावून सांगा. मी साधा गुडघ्याचा पेशंट आहे.” मी फोन ठेवून तुझं कार्ड पुन्हा वाचलं.

तुझं बरोबर आहे. पाचजणच ऐकणार, असं मी लिहिलं होतं. ते वाक्यही मी मोठ्याने वाचून पाहिलं होतं, छान वाहत होतं.

मी सीड्यांशिवाय समितीपुढे गेले. लांबट खोली होती, टेबलावर पाण्याचे पेले, त्यांच्यावर कागदाची झाकणं. मी माझा पहिला मसुदा नेला होता, ती तीन वाक्यं असलेला. तोच एक पुरावा माझ्या मालकीचा होता. अध्यक्षबाईंनी विचारलं, “ही वाक्यं काढायला तुम्हाला कुणी सांगितलं?” मी म्हटलं, कुणी नाही. त्यांना वाटलं मी कुणाला तरी पाठीशी घालते आहे. तीन वेळा विचारलं. तिसऱ्या वेळी मी सांगितलं, “वाचायला बरं वाटत नव्हतं म्हणून काढली.” टाइप करणाऱ्या बाई थांबल्या आणि त्यांनी विचारलं, “असंच लिहू?” असंच लिहा म्हटलं.

वकीलसाहेब जिन्यात भेटले. रागावलेले नव्हते. म्हणाले, “बाई, तुम्ही आमच्या सगळ्यांच्या मानेवरचं ओझं उचलून घेतलंत, पण गरज काय होती?” माझी खुर्ची आता तळमजल्यावर हलवली आहे, टपाल फोडायच्या खोलीत. पुढे काय होईल ते होईल. समिती काय ठरवेल हेही मला माहीत नाही. सीड्या असत्या तर जास्त पटलं असतं. नव्हत्या.

यातलं काहीही मी तुला बरं वाटावं म्हणून लिहिलेलं नाही. लिहिण्याचं कारण वेगळं आहे.

भावोजींनी सांगितलं की तू नवीन कॉम्प्युटर आणलास, तो इंटरनेटला जोडलेलाच नाही, आणि सीड्या आता स्वच्छ निघतात. बाकीचे सगळे मार्गी लागले. एक हेडमास्तर सोडून. ते येतात, गुरुवार चुकवत नाहीत, कोट घालून येतात, आणि बोलत नाहीत. तू त्यांना सगळं सांगितलंस. पेपरातलं कात्रण दाखवलंस. म्हणालीस, शब्द तुमचे नव्हते तुटत, मशीन तोडत होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डाव्या हाताने लिहिलं: ‘धीर देता.’

भावोजी म्हणाले, “म्हाताऱ्याचं तरी काय चुकलं? तीस वर्षं नापास पोरांना सांगत आला असेल, पेपरच कठीण होता रे. आता त्यालाच कुणी सांगितलं की पेपर कठीण होता, तर तो फसेल होय?”

मार्चमध्ये त्यांना वर्ष होईल. पहिल्या वर्षात जे परत येतं त्याच्यावर पुढची इमारत, हे तू मला पूर्वी कितीदा सांगितलं आहेस. म्हणजे हातात आठ गुरुवार आहेत. ती अख्खी वाक्यं त्यांच्यात आहेत हे तुला माहीत आहे, तू ती ऐकली आहेस, एकासाठी उठून खिडकी उघडली आहेस. त्यांना मात्र खात्रीने माहीत आहे की ती नव्हतीच. ती खात्री आमच्या तिसऱ्या मजल्यावर तयार झाली आणि माझ्या चार पानांच्या पाठीवर बसून तुझ्या घरी आली.

मला गुरुवारी त्या खोलीत येऊ दे.

तुझा नियम मला पाठ आहे, त्या खोलीत तिसरं माणूस नाही. हेडमास्तरांच्या पत्नीसुद्धा बाहेर बसतात. भावोजी इतक्या वर्षांत एकदाच आत गेले, तेही मोजा परत मागायला, आणि तू त्यांना हाकललंस. तिथे मला, आणि मलाच, कशाला येऊ देशील? मी आले तर तुझ्यामाझ्यात काही सांधेल असं मला वाटत नाही, त्यासाठी मागत नाही. नंतर तू मला चहाला थांब म्हणू नकोस. मी बाहेरच्या बाहेर जाईन.

पण तू सांगितलंस तर तो धीर होतो. मी सांगितलं तर ती कबुली होईल. मी त्यांच्यासमोर उभी राहीन आणि सांगेन की हे मी केलं, असं केलं, हसत हसत केलं, आणि पाच आठवडे तुम्ही गप्प बसलात तेव्हा मला माहीत होतं. खोटं सांत्वन त्यांना लगेच कळतं. इतकी वर्षं शाळा चालवलेल्या माणसाला खरा गुन्हा केलेलं माणूस समोर आलं तर तेही कळेल ना? मी काही लिहून आणणार नाही. वाचून दाखवणार नाही. जिथे जीभ थांबेल तिथे थांबेन.

आणि ऐकून झाल्यावर त्यांना माझा राग आला तर, ताई? कागदावर डाव्या हाताने लिहिता येणार नाही इतका राग आला तर? मला ते रागावले, अगदी वर्गाबाहेर काढताना रागावतात तसे, मधल्या सगळ्या शब्दांसकट, तर ते ऐकायला तू समोर असशील.

मधलं काहीच आलं नाही, नुसते कोट सारखा करून बसून राहिले, असंही होईल. मला ते माहीत आहे. त्यांना त्रास होईल, हे तू म्हणशील. माझ्या मनाचं ओझं उतरवायला त्यांची खोली वापरू नकोस, हेही म्हणशील.

तू नाहीच म्हणणार. कार्डावर एकाच शब्दात म्हणशील, तो शब्द मला इथूनही वाचता येतो आहे. तरी विचारते, एवढं एकदा सरळ विचारते: गुरुवारी येऊ का?

धाकटी